गाडी सातला सुटणार होती

वाडीवरची शाळा बंद करण्याचा आदेश आला तेव्हा तिथे मी एकटीच शिक्षिका होते. कशेळ्याच्या पुढे डांबरी रस्ता सोडून आत वळलं की भातशेतीचं एक गाव लागतं. त्या गावाच्या मागे, डोंगराला टेकून, आदिवासींची ही वाडी. शाळा एका खोलीची आणि मुलं अकरा. पट कमी असल्यामुळे विद्यार्थ्यांचं व शिक्षिकेचं खालच्या गावच्या शाळेत समायोजन करण्यात येत आहे, असं आदेशात लिहिलं होतं. मी खोलीला कुलूप लावलं, चावी तालुक्याच्या कार्यालयात जमा केली आणि दुसऱ्या दिवसापासून मुलांना घेऊन खाली जाऊ लागले.

वाडीला हे पटलं नव्हतं. तेव्हा तिसरीत असलेल्या एका मुलीची आई तर मला तोंडावर बोलली. ही बाई वाडीतली सगळ्यात स्पष्ट बोलणारी. आपसात त्यांची बोली वेगळी, पण माझ्याशी ती खालच्या गावच्या बोलीत बोलायची.

"चावी कोनी दिली?"

"मला आदेश आला होता."

"आदेश त्यांनी दिला. चावी तू दिलीस."

मी तिला समजावत बसले नाही. खाली दोन खोल्या आहेत, नळ आहे, मोठा वर्ग आहे, मुलं चार लोकांत मिसळतील, असं मी स्वतःलाच सांगत होते. त्यातलं नळाचं तेवढं खरं निघालं.

खालची शाळा पाचवीपर्यंत, पण तिथे एकच शिक्षक उरले होते. तेच मुख्याध्यापक. दहिवलीला राहायचे, मोटारसायकलवरून यायचे. कपडे कडक इस्त्रीचे आणि आवाज मऊ. त्या मऊ आवाजाला मी पहिल्या महिन्यात फसले. गावातली मुलं एकेक करून कर्जतच्या इंग्रजी शाळांच्या पिवळ्या व्हॅनमध्ये बसायला लागली होती, त्यामुळे शाळेचं दुसऱ्या शिक्षकाचं पद जायला आलं होतं. आमची अकरा मुलं खाली आली म्हणून ते टिकलं. पण गावात हे कोणी कधी बोलून दाखवलं नाही. उलट आम्ही त्यांच्या घरात घुसलो आहोत, अशीच सगळ्यांची वागणूक.

शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष गावातलेच. त्यांची धाकटी मुलगी शाळेत होती म्हणून ते पद त्यांच्याकडे. दोन टेंपो, एक जीप, आणि मुंबईच्या लोकांना फार्महाउससाठी जागा दाखवायचा धंदा. पहिल्याच सभेत ते मला म्हणाले, "म्याडम, तुमची पोरं वेगळ्या रांगेत बसवा. आमचं कायी नाय, पन बायका बोलतात."

"काय बोलतात?"

"उवा होतात म्हनतात."

"तुमच्या मुलीच्या डोक्यात मी कालच उवा बघितल्या," मी म्हणाले. "वाडीची मुलं यायच्या आधीच्या आहेत त्या."

सभेत कोणीतरी हसलं आणि अध्यक्षांचा चेहरा उतरला. मला त्याचा आनंद झाला, खोटं कशाला सांगू? त्या दिवसापासून आमचं जे बिघडलं ते बिघडलंच.

रोजचं शाळेचं जगणं छोट्या छोट्या गोष्टींचं असतं आणि वैरही तिथेच मुरतं. खिचडी शिजवणाऱ्या मावशी गावातल्या. गावच्या मुलांना वाढताना त्या वाकायच्या, वाडीच्या मुलांना वाढताना ताठ उभ्या राहायच्या. डाव इतक्या उंचावरून उपडा व्हायचा की खिचडी ताटलीत कमी आणि फरशीवर जास्त. चार दिवस मी बघितलं. पाचव्या दिवशी त्यांच्या हातातला डाव काढून घेतला आणि स्वतः वाढायला बसले.

"तुमी वाढा, मग शिजवा पन तुमीच," मावशी म्हणाल्या आणि पदर खोचून घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी त्यांना समजावून परत आणलं. मला ते म्हणाले, "मॅडम, इथे राहायचंय ना? मग जरा सांभाळून घ्या."

मला तिथे राहायचंच नव्हतं. मला वर, माझ्या एका खोलीत जायचं होतं. पण ती खोली आता बंद होती, आणि पुढच्या पावसात तिचे दोन पत्रेही कुणीतरी नेले.

पुढच्या वर्षी परसबागेचा उपक्रम आला. सुंदर शाळांची स्पर्धा होती, तिच्यात परसबागेला गुण होते. शाळेच्या मागची जागा नुसता मुरूम. गावच्या मुलांच्या आया कपडे मळतात म्हणून पाठवायच्या नाहीत, म्हणून मी आणि वाडीची मुलं असे आम्हीच कामाला लागलो. ओढ्याकाठची माती घमेल्यातून आणून वाफे भरले. मेथी, मुळा, वांगी लावली, दुधीच्या वेलाला बांबूचा मांडव केला. ती तिसरीतली मुलगी आता चौथीत गेली होती. वाडीच्या मुलांत तीच मोठी, त्यामुळे पाणी घालायच्या पाळ्या ती लावायची. कोणी चुकलं की माझ्यापेक्षा जास्त ओरडायची. दुधी धरायला लागले तेव्हा मुलं मधल्या सुट्टीत त्यांना हात लावायला जायची आणि ती त्यांच्या हातावर चापट्या मारायची.

स्पर्धेचं पथक यायचं होतं त्याच दिवशी मुख्याध्यापकांनी मला केंद्रशाळेत कसल्याशा बैठकीला पाठवलं. ती बैठक माझ्याशिवायही झाली असती. दुसऱ्या दिवशी मी शाळेत आले तर चौथीतली मुलगी फाटकाशीच उभी.

"बाई, काल आमाला कोंडलं होतं."

"कोणी?"

"सरांनी. म्हनाले, आवाज करायचा नाय. सायेब गेल्यावर उघडलं."

मी सरळ कार्यालयात गेले. कार्यालय म्हणजे वर्गाच्या कोपऱ्यातलं एक टेबल. मुख्याध्यापक मोबाइलवर फोटो बघत होते. गावची मुलं नव्या गणवेशात झाऱ्या घेऊन उभी, पुढे अध्यक्षांची मुलगी दुधी हातात धरून. तो दुधी वेलावरून तोडलेला होता.

"मुलांना कोंडलंत तुम्ही?"

"कोंडलं नाही हो. दार ओढून घेतलं होतं." मऊ आवाज. "त्यांचे गणवेश बघितलेत का तुम्ही? पथकासमोर कसं दिसलं असतं?"

"बाग त्यांनी केलीय."

"शाळेने केलीय, मॅडम. गुण शाळेला मिळतात."

मी त्यांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. वर्गातली मुलं ऐकत होती याचंही मला भान राहिलं नाही. त्यांनी मोबाइल उपडा ठेवला आणि म्हणाले, "तुमचं बीपी तपासून घ्या."

आम्हाला तालुक्यात उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळालं. ते चौकट करून टेबलामागे लागलं. माझ्या वर्गाकडे तोंड करून बसलं की सबंध दिवस ते डोळ्यांसमोर असायचं.

त्यानंतर आमचं बोलणं कामापुरतंच उरलं. हजेरी, तांदूळ, माहिती पाठवा, सही करा. घरी भिसेगावला आल्यावर मी रात्रीच्या जेवणाला त्यांचा विषय काढायचे आणि माझा नवरा म्हणायचा, "आज जेवताना नको."

डिसेंबरमध्ये सहलीची गोष्ट निघाली. गावाजवळ एका मुंबईच्या माणसाचं फार्महाउस होतं, अध्यक्षांनीच मिळवून दिलेल्या जागेवर बांधलेलं. तो माणूस सहलीचा सगळा खर्च करणार होता. अट एवढीच की आदिवासी मुलांना समुद्र दाखवायचा. त्याने कुठेतरी ऐकलं होतं की रायगड जिल्ह्यात राहून इथल्या मुलांनी समुद्र पाहिलेला नाही. ते खरंच होतं. वाडीच्या अकरापैकी एकानेही तो पाहिला नव्हता.

मी त्या माणसाला एकदाच भेटले, शाळेच्या ओट्यावर. चांगला वाटला. त्याने मुलांना विचारलं, "समुद्र केवढा असतो?" पहिलीतला एक जण म्हणाला, "तलावाएवढा." तो माणूस हसला, त्याने त्याच्या केसांवरून हात फिरवला आणि कुणाला तरी सांगून त्याचा फोटो काढून घेतला. पुढच्या आठवड्यात मोठा कापडी फलक छापून आला. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी शैक्षणिक सहल, खाली अलिबाग. एका बाजूला त्या माणसाचा फोटो, दुसऱ्या बाजूला अध्यक्षांचा.

वाडीवर मी स्वतः निरोप घेऊन गेले. अंगण सारवलेलं होतं, चौथीतल्या मुलीची आई दारात बसून करवंदीच्या काट्यांचं कुंपण बांधत होती. मी सांगितलं, गाडी शाळेपाशी येईल, सातला सुटेल, मुलांना पावणेसातपर्यंत खाली आणा. मुख्याध्यापकांनी मला हीच वेळ सांगितली होती.

"आमची पन नेनार?" तिने विचारलं.

"तुमच्यासाठीच आहे ती सहल."

तिने कुंपणावरून मान वर केली नाही. "बघू," म्हणाली. पण तिची मुलगी ओसरीवरून सगळं ऐकत होती. ती आत पळाली आणि आतून कुणाला तरी ओरडून सांगताना ऐकू आलं.

अध्यक्षांनी ठरवलेली मिनी बस कर्जतहून निघणार होती, म्हणून मी भिसेगावच्या नाक्यावरच तिच्यात बसले. जानेवारी होता, चांगली थंडी पडली होती. शाळेशी पोचलो तेव्हा अजून अंधारच होता. फाटकाशी ही गर्दी. गावची मुलं होती, ती असायचीच. पण त्यांच्याबरोबर त्यांच्या आया, एक-दोन आत्या, अध्यक्षांची बायको आणि त्यांची पाहुणी आलेली बहीण. सगळ्या गजरे माळून आणि पिशव्या घेऊन आलेल्या.

"ह्या सगळ्या कुठे?" मी मुख्याध्यापकांना विचारलं.

"मुलांना सांभाळायला नकोत का? समुद्र आहे."

बघता बघता बस भरली. बायका बसल्या, मांडीवर मुलं बसली, मधल्या वाटेत पिशव्या आणि पाण्याचे कॅन. फलक पुढच्या काचेखाली बांधून झाला. ड्रायव्हरने इंजिन चालू केलं. मी घड्याळ बघितलं. साडेसहाही झाले नव्हते.

"अजून वाडीची मुलं यायचीत," मी म्हणाले.

मुख्याध्यापक पुढच्या सीटवर मफलर गुंडाळत होते. "त्यांना सव्वासहाची वेळ कळवली होती."

"कोणी कळवली? मी सातची सांगून आलेय. तुम्हीच सांगितली होतीत."

"वेळ बदलली. अध्यक्षांनी निरोप दिला वर."

अध्यक्ष खाली उभे होते. मी खिडकीतून त्यांना विचारलं, "निरोप कोणाकडे दिलात?"

"दिला हो. एका पोराकडं." मग त्यांनी ड्रायव्हरच्या दारावर थाप मारली. "चल रं, उशीर होतोय. पेनला ट्रॅफिक लागंल."

"थांबा. अर्ध्या तासात ती येतील."

तेव्हा मागून त्यांची बायको बोलली, आणि खरं जे होतं ते तिनेच बोलून टाकलं. "आली तरी बसतील कुठं गं बाई? डोक्यावर?"

बसमध्ये हशा पिकला. अंधारात कोण कोण हसलं ते मला दिसलं नाही. मी मागे वळून सीटा बघितल्या. एकही मोकळी नव्हती. बस काही आत्ता भरली नव्हती, सहल ठरली तेव्हापासूनच ती भरलेली होती. अकरा मुलांची जागा कोणी धरलीच नव्हती.

मी पिशवी उचलली आणि पिशव्यांवरून, कॅनवरून पाय टाकत दाराकडे निघाले.

"मॅडम, तुम्ही सहलीच्या जबाबदार शिक्षिका आहात," मुख्याध्यापक म्हणाले. या वेळी आवाज मऊ नव्हता. "उतरलात तर मला कळवावं लागेल."

"कळवा."

"आन जेवनाचं तुमी बगनार होता, त्याचं काय..." कुणीतरी बाई म्हणाली. मी उतरले. दार लागलं आणि बस गेली. फलकाचं एक टोक सुटलं होतं, ते काचेवर फडफडत गेलं.

मी शाळेच्या पायरीवर बसले. उजाडलं तसं शेतांवरचं धुकं पांढरं दिसायला लागलं. थोड्या वेळाने वाडीच्या पायवाटेवरून आवाज आले. आधी हसणं, मग पावलं. पुढे चौथीतली मुलगी, लाल रिबिनीच्या दोन वेण्या, हातात गाठ मारलेली पिशवी. मागे बाकीची, डोक्याला तेल चोपडलेलं, एकाच्या अंगात मोठ्या भावाचा शर्ट गुडघ्यापर्यंत. सगळ्यांत मागे तिची आई. पावणेसातच्या आधी आले होते सगळे.

मुलीने रिकाम्या फाटकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बाई, गाडी नाय आली अजून?"

तिची आई पुढे आली. रस्त्यावर बसच्या चाकांचे ताजे ओले पट्टे होते. ते तिने बघितले.

"गेली?"

"गेली," मी म्हणाले. "वेळ बदलली म्हणतात. निरोप दिला म्हणतात."

"आमाला कोनी सांगितलं नाय."

"मला माहिती आहे."

"मग तू हितं काय करतेस?"

"मी उतरले."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटलं, आता ती काही बरं बोलेल. माझी तशी अपेक्षा होती, हे मी लपवत नाही. ती म्हणाली, "उतरून काय झालं? गाडी थांबली का?"

पहिलीतल्या मुलाने विचारलं, "दुसरी येनार?"

"नाय येनार," ती म्हणाली.

मी घाईघाईने बोलायला लागले. आपण जाऊ कुठेतरी, मी नेते, जीपने कर्जतला जाऊ, नदीवर जाऊ, भेळ खाऊ. मुलं माझ्या तोंडाकडे बघत होती आणि त्यांच्यातल्या दोघांचे चेहरे खुललेही होते. पण त्या बाईने हाताने मला थांबवलं.

"तुला बरं वाटावं म्हनून पोरांना फिरवनार काय?"

मग ती आपल्या बोलीत मुलांना काहीतरी म्हणाली. मुलं वळली. तिच्या मुलीने एकदाही मागे बघितलं नाही. मोठ्या शर्टातला मुलगा मात्र पाय ओढत चालत होता आणि दर चार पावलांनी रस्त्याकडे बघत होता.

मला रडू आलं नाही. माझं डोकं तापलं होतं. शाळा उघडून मी आत बसले. घरी जायला जीप मिळाली असती, पण जावंसं वाटेना. उन्हं वर आल्यावर मोबाइल वाजायला लागला. शाळेच्या ग्रुपवर फोटो यायला लागले होते. वाळूत फलक धरून उभ्या असलेल्या बायका, लाटेत मुलं, शहाळं पिणारे मुख्याध्यापक, उंटावर अध्यक्षांची बायको. खाली अंगठे आणि हात जोडलेल्या खुणा. फार्महाउसवाल्या माणसाने लिहिलं, 'मुलांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून समाधान वाटलं.'

मी त्याच्याखाली लिहिलं, 'या फोटोत वाडीचं एकही मूल नाही. गाडी ठरलेल्या वेळेआधी सोडून त्यांना मागे ठेवलं आहे. ती सकाळी फाटकावरून परत गेली.'

मग अध्यक्षांनी मला ग्रुपमधून काढलं.

मी फार्महाउसवाल्या माणसाला फोन केला. त्याने उचलला नाही. संध्याकाळी त्याच्या कुठल्याशा माणसाचा आला. मी सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण मॅडम, फोटोत जी मुलं आहेत ती गावातलीच आहेत ना?"

"गावातली आहेत. वाडीवरची नाहीत."

"म्हणजे गरीबच ना?"

मी फोन ठेवला.

सोमवारी माझ्या टेबलावर खुलासा मागणारा कागद होता. सहलीच्या जबाबदारीवरून विनापरवानगी निघून गेल्याबद्दल आणि समाजमाध्यमावर शाळेची बदनामी केल्याबद्दल. मी तीन पानी उत्तर दिलं. केंद्रप्रमुख चौकशीला आले. ते म्हातारपणाकडे झुकलेले गृहस्थ, निवृत्तीला थोडे दिवस उरलेले. त्यांनी मुख्याध्यापकांच्या घरून आलेले पोहे खाल्ले आणि मला विचारलं, "तुम्ही गाडीतून उतरलात, हे मान्य आहे ना?"

"हो."

"मग झालं तर."

"मुलांना मागे ठेवलं त्याचं काय?"

"निरोपात गडबड झाली म्हणतायत. होतं असं. मिटवून घ्या, मॅडम, एका शाळेत दोनच माणसं तुम्ही."

वर्गात तेव्हा वाडीचं एकही मूल नव्हतं. सहलीच्या दिवसापासून ती आलीच नव्हती. मी दोनदा वर गेले. पहिल्यांदा घरं बंद होती, सगळे वीटभट्टीवर आणि लाकडाला गेले होते. दुसऱ्यांदा त्या बाईने मला पाणी दिलं आणि सांगितलं, "नाय पाठवनार. आश्रमशाळेत घालनार जूनला."

"तिथे घरापासून लांब राहावं लागेल. पहिलीतला एवढासा आहे."

"हितं जवळ हाय म्हनून काय झालं?"

मी मुख्याध्यापकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "त्यांची इच्छा." दोघंही हजेरी घ्यायचो. ते त्यांच्या मुलांची, मी रिकाम्या ओळींसमोर बसून अकरा नावं वाचायचे. मुद्दाम मोठ्याने वाचायचे, त्यांना ऐकू जावीत म्हणून. एकदा ते म्हणाले, "नाटकं बंद करा." मी आणखी मोठ्याने वाचली.

जूनमध्ये अकराच्या अकरा मुलांचे दाखले गेले. गावातलीही तीन मुलं इंग्रजी शाळेत गेली, त्यांत अध्यक्षांची धाकटी. पट मोजला गेला आणि मग गावाला जाग आली. दुसरं पद जाणार होतं. एकच शिक्षक उरला की राहिलेले लोकही मुलं काढणार आणि मग शाळेलाच कुलूप लागणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

अध्यक्ष एका दुपारी माझ्याकडे आले. मुलगी काढली तरी नवी समिती झाली नव्हती, म्हणून अजून तेच अध्यक्ष. पावसाची उघडीप होती. ते ओट्यावर टेकले, टोपी काढली.

"म्याडम, झालं गेलं सोडा. तुमी चला माज्याबरोबर वर. तुमचं ऐकतात ते."

"माझं तिथे कोणी ऐकत नाही."

"तरीपन चला."

मी गेले. शाळेसाठी गेले नाही. त्यांना वर जाऊन हात जोडताना बघायचं होतं म्हणून गेले. चढावर त्यांना धाप लागली, दोनदा बसावं लागलं. मी थांबले नाही.

ती बाई अंगणात नाचणीच्या रोपांच्या जुड्या बांधत होती. अध्यक्ष तिच्यासमोर उकिडवे बसले. काय काय देतो म्हणाले! पोरांना आणायला-सोडायला आपली जीप लावतो, गणवेश देतो, वर्गात पुढं बसवतो. "आन सहल नेतो पुन्ना. ह्या टायमाला पयल्या सीटवर तुमची पोरं."

ती जुड्या बांधत राहिली. शेवटी तिने विचारलं, "तुमची धाकटी कुटं जाते आता?"

अध्यक्षांनी एक जुडी उचलून तिच्याकडे सरकवली. "कर्जतला," म्हणाले. "तिची आई ऐकत नाय."

"मी पन तिची आईच हाय," ती म्हणाली. "माज्या पोरीची. मी पन ऐकत नाय."

अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं, मी काही बोलेन म्हणून. मी बोलले नाही. ते उठले, पँटवरची माती झटकली आणि उतरताना सबंध वाट त्या लोकांना शिव्या देत आले. मग मलाही दिल्या, फक्त माझं नाव न घेता. मला त्या ऐकताना बरं वाटत होतं. एवढं बरं मला त्या शाळेत कधी वाटलं नव्हतं.

ऑगस्टनंतर पद गेलं आणि मी अतिरिक्त ठरले. खालापूर तालुक्यात, हमरस्त्यापासून आत असलेल्या एका शाळेत मला पाठवलं. निघायच्या दिवशी मुख्याध्यापकांनी गुलाबाचं एक फूल आणलं होतं. मी ते टेबलावर ठेवलं आणि निघाले. ना भाषण झालं, ना चहा. खिचडीच्या मावशी दारात उभ्या होत्या.

दिवाळीच्या सुट्टीत मी कशेळ्याच्या बाजारात गेले होते. भाजीच्या गर्दीत ती चौथीतली मुलगी दिसली. आता पाचवीत, आश्रमशाळेत. केस कानापर्यंत कापलेले, वेण्या गेलेल्या. खांद्यावर आईची पिशवी होती. मी हाक मारली. ती थांबली, "बाई," म्हणाली. कसं आहे तिकडे, विचारलं तर म्हणाली, "बरं हाय. पहाटे उटवतात." पहिलीतला दोन महिन्यांतच पळून घरी आला होता, तो आता कुठल्याच शाळेत जात नाही. मी आणखी काही विचारणार तोवर तिच्या आईने लांबून हाक मारली. ती गेली. तिच्या आईने मला बघितलं होतं, पण ती पुढे आली नाही.

या वर्षी खालापूरला प्रशिक्षण होतं. दोन्ही तालुक्यांचे शिक्षक एका सभागृहात. मधल्या सुट्टीत चहाच्या रांगेत मुख्याध्यापक माझ्या पुढेच. त्यांनी मागे वळून बघितलं आणि दोन कप घेतले, एक माझ्यापुढे धरला.

"घ्या, मॅडम. अजून राग आहे का?" त्यांच्या शेजारी त्यांचे दोन ओळखीचे शिक्षक उभे होते. "अहो, त्या दिवशी गाडीत खरंच जागा नव्हती. तुम्ही उगाच मनाला लावून घेतलंत."

"जागा नव्हती तर तुम्ही उतरायचं होतं," मी म्हणाले.

ते हसले. शेजारच्यांना म्हणाले, "बघा, अजून तशाच आहेत."

माझा कप त्यांच्या हातातच राहिला. वाफ येत होती आणि दोन्ही हात भरलेले असल्यामुळे त्यांना स्वतःचा चहाही पिता येईना. मी रांगेतून बाहेर पडले, सभागृहात जाऊन त्यांच्यापासून सगळ्यात लांबच्या बाकावर बसले आणि संध्याकाळपर्यंत तिथून उठले नाही.